जाहिराती काढल्या तरी परत येतात? आधी त्या कुठून येतात ते बघा

नाशकात एम. जी. रोडवरच्या कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात थोडा वेळ थांबलात की ही तक्रार कानावर पडतेच: "गेल्याच आठवड्यात जाहिराती काढून नेल्या होत्या हो, परत सुरू झाल्या." मग पुन्हा एखादा अँटीव्हायरस फिरवला जातो, पुन्हा एक अ‍ॅड-ब्लॉकर बसवला जातो, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं आणि काही दिवसांनी तेच मशीन पुन्हा काउंटरवर हजर.

ब्लॉकर वाईट असतो असं नाही. दिसायला सारख्या असल्या तरी या जाहिराती यायच्या वाटा वेगवेगळ्या असतात, आणि ब्लॉकर त्यातली जेमतेम एक वाट अडवतो. छत जिथे गळतंय ते सोडून भलतीकडे डांबर ओतल्यासारखं होतं.

म्हणून काहीही डाउनलोड करण्याआधी नुसतं निरीक्षण करा. ब्राउझर उघडलेला नसतानाही स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात चौकोन उगवतो का? तसं असेल तर ते नोटिफिकेशन आहे, त्यावर ब्लॉकरचा काही उपयोग नाही. क्रोममध्ये त्रास आहे पण एजमध्ये किंवा फायरफॉक्समध्ये नाही? मग क्रोममध्येच काहीतरी बसलंय. इनकॉग्निटोत, म्हणजे क्रोमच्या खासगी खिडकीत, उघडून बघा. तिथे एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं) आपोआप बंद असतात, त्यामुळे तिथे शांतता असेल तर संशय सरळ एक्स्टेन्शनवर. सगळ्याच ब्राउझरमध्ये नको ती पानं उघडत असतील तर विंडोजमध्ये शोधा. घरातले फोन, लॅपटॉप, टीव्ही सगळेच पिसाळलेत आणि मोबाइल डेटावर गेलं की थांबतं, तर राउटर. आणि एखाद्या ठरावीक बातम्यांच्या साइटवरच मजकुरापेक्षा जाहिराती जास्त दिसत असतील, तर तुमचं मशीन ठणठणीत आहे, ती साइटच तशी आहे. अ‍ॅड-ब्लॉकरचं खरं काम फक्त या शेवटच्या प्रकारात.

कोपऱ्यातले चौकोन

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त तक्रारी याच असतात, आणि लोक त्यालाच "व्हायरस आला" म्हणतात. "तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले", "अँटीव्हायरसची मुदत आज संपतेय", शेजारी एखाद्या नामांकित कंपनीचं चिन्ह. घाबरून माणूस त्यावर क्लिक करतो.

हे घडतं कसं, ते समजून घेतलं तर निम्मा त्रास तिथेच संपतो. निफाडचा कुणी शेतकरी "लासलगाव कांदा भाव आज" असं शोधतो, सिडकोतली एखादी मुलगी सीईटीचा निकाल शोधते, कुणी सातबारा. पहिल्या दोन-तीन दुव्यांवर "प्रायोजित" किंवा "स्पॉन्सर्ड" लिहिलेलं असतं ते नजरेतून सुटतं. भलतंच पान उघडतं, मधोमध एक गोल फिरत राहतो आणि खाली लिहिलेलं असतं, "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा". ते बटण मात्र त्या पानाचं नसतं. तो ब्राउझरने विचारलेला प्रश्न असतो: या साइटला तुम्हाला नोटिफिकेशन पाठवू द्यायचं का? आपण हो म्हणतो, आणि त्या क्षणापासून ती साइट बंद असली तरी संदेश पाठवायला मोकळी. विंडोजवर क्रोमची खिडकी बंद केली तरी तो मागे चालू राहू शकतो, त्यामुळे चौकोन येतच राहतात.

बंद करायचं असं: क्रोमच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. खाली परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. ओळखीच्या नसलेल्या प्रत्येक नावापुढचे तीन ठिपके दाबा आणि इथे नीट लक्ष द्या: "रिमूव्ह" निवडू नका, "ब्लॉक" निवडा. रिमूव्ह केलं की परवानगी जाते, पण ती साइट पुढच्या वेळी पुन्हा विचारू शकते, आणि घाईत पुन्हा अलाउ दाबलं जातं. परत येण्याचं हे पहिलं आणि सगळ्यात साधं कारण.

ब्लॉक करूनही पुरत नाही, कारण ही मंडळी दर काही दिवसांनी पत्ता बदलतात. म्हणून त्याच पानावर वरचा पर्याय बदलून कुठल्याच साइटला विचारू द्यायचं नाही असं करून टाका. जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब अशा हव्या असलेल्या एक-दोन साइट्स परवानगीच्या यादीत हाताने घाला. बाकी कुणाचंही नोटिफिकेशन आलं नाही म्हणून कुणाचं काही अडल्याचं मी पाहिलेलं नाही. फायरफॉक्समध्ये हीच सोय प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या परमिशन्स भागात आहे, नवीन विनंत्या अडवण्याचा चौकोन टिक करायचा. त्याच क्रोम सेटिंग्जमध्ये "सिस्टिम" या भागात क्रोम बंद केल्यावरही मागे चालू ठेवण्याचा पर्याय असतो, तोही बंद करा.

सातबाऱ्याबद्दल एवढंच की खऱ्या सरकारी साइटच्या नावाचा शेवट "गव्ह डॉट इन" किंवा "निक डॉट इन" असा असतो. त्या अक्षरांनंतर पहिली तिरकी रेघ यायला हवी. ती अक्षरं नावाच्या मध्येच कुठेतरी असतील आणि पुढे आणखी काही जोडलेलं असेल, तर ती साइट सरकारी नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटीत पाहुण्यांना खोल्या शोधून देणाऱ्यांनीही बुकिंगच्या पानावर पैसे भरण्याआधी पत्त्याची पट्टी अशीच शेवटाकडून वाचावी.

या "रोबोट नाही" प्रकाराची एक जास्त वाईट आवृत्ती गेली एक-दोन वर्षं फिरतेय. त्यात अलाउ दाबायला सांगत नाहीत. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर, असं सांगतात. त्या पानाने आधीच एक आज्ञा गुपचूप तुमच्या क्लिपबोर्डवर कॉपी केलेली असते, आणि तुम्ही स्वतःच्या हाताने ती चालवता. असं कुणी केलं असेल तर प्रश्न जाहिरातींचा राहत नाही. नेट लगेच तोडा, दुसऱ्या फोनवरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, आणि ते मशीन नीट तपासून होईपर्यंत त्यावर लॉगिन करू नका.

काढलेलं एक्स्टेन्शन परत का उगवतं

"पीडीएफ कन्व्हर्टर", "मोफत व्हिडिओ डाउनलोडर", कूपन शोधून देणारं काहीतरी. एक्स्टेन्शनच्या यादीत हे असतातच. आपल्याकडे त्यात आणखी एक भर: जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये करून देणारी आणि मराठी टायपिंगची फुकट सॉफ्टवेअरं. डीटीपीवाल्यांना आणि शाळांच्या ऑफिसांना त्यांची खरोखर गरज असते, आणि ती शोधताना "डाउनलोड" लिहिलेली चार हिरवी बटणं दिसतात. त्यातली तीन जाहिराती असतात. बटणावर नुसता माउस नेऊन थांबा. ब्राउझरच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. साइट एक आणि पत्ता भलताच असेल तर हात मागे घ्या. इन्स्टॉल करतानाही "नेक्स्ट, नेक्स्ट" न करता "कस्टम" निवडा, कारण सोबतचे पाहुणे तिथेच लपवलेले असतात.

चांगलं म्हणून घेतलेलं एक्स्टेन्शनही पुढे बिघडू शकतं. नॅनो अ‍ॅडब्लॉकर नावाचा चक्क जाहिरात अडवणाराच एक ब्लॉकर २०२० मध्ये दुसऱ्यांना विकला गेला, आणि नव्या मालकांनी त्यात वापरणाऱ्यांची माहिती चोरणारा कोड घातला. ज्यांनी तो आधीपासून बसवला होता त्यांच्याकडे तो आपोआप अपडेट होऊन आला. म्हणून जेवढं लागतं तेवढंच ठेवा. "सगळ्या वेबसाइट्सवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे" ही परवानगी ब्लॉकरला लागते हे समजतं, पण कॅल्क्युलेटरला किंवा हवामान सांगणाऱ्याला ती कशाला?

आता परत उगवण्याची कारणं. पहिलं सिंक, म्हणजे एकाच खात्यातली सगळी मशीन्स सारखी ठेवणारी सोय. ऑफिसचा लॅपटॉप तुम्ही साफ केला, पण घरच्या पीसीवर त्याच गूगल खात्यात तेच एक्स्टेन्शन बसलेलं आहे, आणि सिंकमधून ते पुन्हा इकडे उतरतं. दुसरं, क्रोमचं "रीसेट". रीसेट केल्यावर एक्स्टेन्शन्स बंद होतात, काढली जात नाहीत. माणूस दोन दिवसांनी यादी उघडतो, सगळंच बंद दिसतं म्हणून सगळंच चालू करतो, आणि त्यात नको असलेलंही चालू होतं. तिसरं कारण जास्त चिवट आहे. एक्स्टेन्शनपुढे "रिमूव्ह" बटणच नसतं आणि मेनूच्या तळाशी "मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन" असं लिहिलेलं असतं. घरच्या मशीनला कसली आलीय ऑर्गनायझेशन? जाहिरातवाल्या प्रोग्रॅमने विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या नोंदवहीत) कंपन्यांसाठी असलेली पॉलिसी, म्हणजे सक्तीचा नियम, लिहून ठेवलेली असते, आणि क्रोम ती इमानेइतबारे पाळतो.

मात्र अंबड-सातपूरच्या एखाद्या कंपनीने दिलेला लॅपटॉप असेल तर ही ओळ दिसणं बरोबरच आहे, त्याला हात लावू नका, तुमच्या आयटीवाल्यांना सांगा. काही अँटीव्हायरसही अशी पॉलिसी लिहितात, त्यामुळे ओळ दिसली म्हणजे घात झालाच असंही नाही.

घरचं मशीन असेल तर अ‍ॅड्रेस बारमध्ये रोमन लिपीत क्रोम://पॉलिसी टाइप करून बघा, कुठली पॉलिसी लागू आहे ते दिसेल. तिथे "एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट" असं नाव आणि पुढे अक्षरांची लांबच लांब माळ असेल, तर चोर सापडला. मग रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम या वाटेने जा. आधी ती "की" (रजिस्ट्रीतला तो कप्पा) एक्स्पोर्ट करून जपून ठेवा, मगच डिलीट करा. हीच वाट एचकी करंट युजरखालीही तपासा. रजिस्ट्रीची सवय नसेल तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्या, इथे चुकीची ओळ उडाली तर विंडोज रुसतं.

आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी सिंक बंद. मग विंडोजच्या प्रोग्रॅमच्या यादीत तारखेप्रमाणे क्रम लावून, त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेलं अनोळखी काढा. मग पॉलिसी, मग एक्स्टेन्शन, मग रीसेट. घरच्या दुसऱ्या मशीनवरही हेच. सिंक सगळ्यात शेवटी, आणि तेही एक्स्टेन्शन्सची टिक काढून. उलट्या क्रमाने केलंत तर खाली राहिलेला प्रोग्रॅम वरचं सगळं पुन्हा लिहून काढतो. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ पाहून क्रोममध्ये "क्लीन अप कॉम्प्युटर" शोधत बसू नका, ती सोय गूगलने २०२३ मध्ये काढून टाकली.

विंडोजमध्ये शिरलेलं

डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. "टार्गेट"च्या ओळीचा शेवट क्रोम डॉट ईएक्सई आणि अवतरणचिन्हाने व्हायला हवा. त्यापुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर दरवेळी तीच साइट का उघडते याचं उत्तर तिथेच आहे. टास्क मॅनेजरचा स्टार्टअप भाग आणि टास्क शेड्युलर हेही बघा, ठरावीक वेळाने ब्राउझर आपोआप उघडणारं काम बहुतेक वेळा शेड्युलरमध्येच लपलेलं असतं. प्रॉक्सीच्या (नेट ज्या मधल्या संगणकातून फिरतं त्याच्या) सेटिंगमध्ये तुम्ही न घातलेला पत्ता असेल तर तो काढा.

त्यानंतर मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा, म्हणजे विंडोजसोबतच येणाऱ्या अँटीव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, पाऊण तासाचं जेवण आटोपेपर्यंत आरामात होऊन जाते. जोडीला मालवेअरबाइट्सचं अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर फुकट आणि कामाचं आहे. डिफेंडरमध्ये "अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल"खाली नको असलेली अ‍ॅप्स अडवायचा पर्याय आहे, तो चालू करा. वेगळा विकतचा अँटीव्हायरस घ्या असं मी घरगुती वापराच्या कुणालाही सांगत नाही.

आता ब्लॉकर

एवढं झाल्यावर ब्लॉकर बसवण्यात अर्थ आहे. माझं मत सरळ आहे: फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन. रेमंड हिल यांनी ते लिहिलंय, ते मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि ते देणगीसुद्धा घेत नाहीत. क्रोमने २०२५ मध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद केली, त्यात मूळ यूब्लॉक ओरिजिन गेलं. काही लोकांच्या जाहिराती "अचानक परत आल्या" त्या यामुळे, त्यांच्या मशीनला काही झालेलं नव्हतं. क्रोमच वापरायचा असेल तर त्याच लेखकाचं यूब्लॉक ओरिजिन लाइट आहे. ते थोडं कमी ताकदीचं आहे, पण रोजच्या वापराला पुरतं. नाव नीट वाचा. नुसतं "यूब्लॉक" हे वेगळं आहे आणि मिळत्याजुळत्या नावांची पुष्कळ पिलावळ आहे. एका वेळी एकच ब्लॉकर ठेवा, दोन ठेवले की ते एकमेकांच्या पायात येतात.

मराठी वर्तमानपत्रांच्या साइट्सवर तरीही काही जाहिराती सुटत असतील तर यूब्लॉक ओरिजिनच्या डॅशबोर्डमध्ये फिल्टर लिस्ट्स उघडा आणि भाषा-प्रदेशांच्या भागात "इंडियन लिस्ट" टिक करा. फरक दिसतो. बँकेचं किंवा वीजबिलाचं पान अडकलं तर ब्लॉकरच्या चिन्हातलं मोठं पॉवर बटण दाबा, त्या साइटपुरतं ते बंद होतं. जी स्थानिक बातम्यांची साइट रोज वाचता आणि जी फार उपद्रव देत नाही, तिच्यासाठी मी हेच बटण कायमचं बंद ठेवतो. त्यांची चूल जाहिरातींवरच पेटते.

फोन

फोनवर होम स्क्रीनवर असतानाच पूर्ण पडदाभर जाहिरात येत असेल तर ब्राउझरला दोष देऊ नका, ते एखादं अ‍ॅप आहे. बहुधा टॉर्च, फोटो सजवणारं, किंवा "फोन क्लीनर". जाहिरात दिसत असतानाच खालचं रिसेंट अ‍ॅप्सचं बटण दाबा, कार्डवर कुठल्या अ‍ॅपचं नाव आहे ते वाचा. नाव लपवलेलं असेल तर सेटिंग्जमध्ये "डिस्प्ले ओव्हर अदर अ‍ॅप्स" शोधा आणि कुणाकुणाला ही परवानगी आहे ते बघा. वयस्कर माणसांच्या फोनमध्ये ही यादी भलतीच लांब सापडते. जे काढता येत नाही ते सेफ मोडमध्ये (बाहेरून घेतलेली अ‍ॅप्स बंद ठेवून फोन सुरू होतो त्या अवस्थेत) जाऊन काढा.

ब्राउझरमधल्या जाहिरातींसाठी अँड्रॉइडवरही फायरफॉक्स आणि यूब्लॉक ओरिजिन चालतं, क्रोमवर एक्स्टेन्शन घालता येत नाही. अ‍ॅप्समधल्या जाहिरातींवर अँड्रॉइड ९ आणि पुढच्या फोनमध्ये "प्रायव्हेट डीएनएस"चा उपाय आहे (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा): तिथे रोमन लिपीत डीएनएस.अ‍ॅडगार्ड-डीएनएस.कॉम हे नाव घाला. एखादं अक्षर चुकलं तर नेटच बंद पडतं, तेव्हा घाबरू नका, परत "ऑटोमॅटिक" करा. कॅफेच्या किंवा स्टेशनच्या वायफायवर लॉगिनचं पान उघडत नसेल तरी हेच करायचं. यूट्यूबच्या जाहिराती याने थांबत नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच पत्त्यावरून येतात.

राउटर आणि किंचाळणारं पान

राउटरचा संशय असेल तर त्याच्या पानावर जा, बऱ्याच ठिकाणी पत्ता १९२.१६८.१.१ असतो, आणि डीएनएसच्या जागी अनोळखी आकडे आहेत का ते बघा. खात्री नसेल तर मागचं बारीक छिद्र दाबून रीसेट करा. त्याआधी केबलवाल्याकडून कनेक्शनचं नाव आणि पासवर्ड मागून घ्या, नाहीतर संध्याकाळभर नेट नाही. रीसेटनंतर लगेच अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. "अ‍ॅडमिन" हाच पासवर्ड ठेवलात तर पुढच्या महिन्यात पुन्हा हेच.

आणि कधी पडदाभर लाल पान, भोंगा आणि "या क्रमांकावर ताबडतोब फोन करा" असं आलं तर तो क्रमांक लावायचा नाही. एस्केप बटण दाबून धरा, पडदाभरचं पान बहुधा सुटतं. नाही सुटलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर संपवा, आणि परत उघडल्यावर "रीस्टोअर" नको म्हणा, नाहीतर तेच पान पुन्हा किंचाळेल. कुणी आधीच फोन केला असेल, मशीन दुरून चालवू देणारं रिमोटचं अ‍ॅप घेतलं असेल किंवा पैसे गेले असतील, तर आधी बँकेला आणि लगेच १९३० ला फोन. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्याआधी गोठवता येतात, पण त्यासाठी हा फोन जितका लवकर जाईल तितकं बरं.